उर्फाची इसोत : एका मिरचीची राखण

मिरची ही मूळची आपली नव्हे, असे भूगोलाच्या तासाला सांगितले की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दरवर्षी तेच आश्चर्य उमटते. ठेचा, खर्डा, सांडगी मिरची, दृष्ट काढताना ओवाळलेल्या मिरच्या हे सारे ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे हे फळ अवघ्या चार-पाचशे वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आले ही गोष्ट चटकन पटत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतेच, "मॅडम, मग गावठी मिरची म्हणतात ती कोणती?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला बरीच वर्षे देता येत नव्हते. ते मला मिळाले तुर्कस्तानात, शान्लिउर्फा नावाच्या शहरात, घरामागच्या लहानशा बागेत. आणि तेही एक चूक केल्यानंतर. माझे यजमान सूतगिरणीच्या यंत्रांच्या कामानिमित्त २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षे त्या शहरी होते. मीही रजा घेऊन त्यांच्यासमवेत गेले होते. तेथे तीन हंगाम मी इसोत या मिरचीची लागवड केली. त्या तीन हंगामांत जे शिकले, ते विद्यार्थ्यांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नावांची गंमत

प्रथम या फळाचा प्रवास थोडक्यात पाहू. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. आपण रोज खातो त्या बहुतेक मिरच्या ज्या जातीत मोडतात, ती 'कॅप्सिकम ॲन्युअम' ही जात मेक्सिकोच्या परिसरात माणसाने प्रथम लागवडीखाली आणली. कोलंबस १४९२ साली निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. त्याला मिळाली मिरची. तिखट लागते म्हणून युरोपीयांनी तिला मिरीचेच नाव दिले. पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि सोळाव्या शतकातच ऑटोमन तुर्कांच्या राज्यातही पोहोचली.

यानंतर नावांचा जो गोंधळ झाला तो मोठा मनोरंजक आहे. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मिरचीची सुंदर चित्रे आहेत. पण तिला तो कालिकतची मिरी म्हणतो. म्हणजे अमेरिकेतून आलेले फळ त्याला हिंदुस्थानचे वाटले! हंगेरीच्या लोकांना तेच फळ तुर्कांकडून मिळाले, म्हणून त्यांच्याकडे तिचे जुने नाव 'तुर्की मिरी' असे होते. तुर्की भाषेत 'बिबेर' हा शब्द आधी काळ्या मिरीचा होता. मिरची आली, घरोघर झाली आणि तिने तो शब्दच बळकावला. बिचाऱ्या मिरीला ओळख पटविण्यासाठी 'कारा बिबेर', म्हणजे काळी बिबेर, असे म्हणवून घ्यावे लागले. आपल्या मराठीतही 'मिरी'वरूनच 'मिरची' झाली. दोन दूरच्या भाषांनी एकाच पाहुणीला एकाच रीतीने घरात घेतले, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उर्फाचे लोक मात्र आपल्या मिरचीला बिबेर न म्हणता 'इसोत' म्हणतात. 'इस्सी ओत', म्हणजे उष्ण वनस्पती, यावरून हे नाव आले असे सांगितले जाते. ताजी हिरवी मिरचीही इसोत आणि तिचे काळपट तिखटही इसोतच. बाहेरच्या जगात हे तिखट 'उर्फा बिबेर' या नावाने विकले जाते.

उर्फाची भूमी

शान्लिउर्फा हे तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील, सीरियाच्या सरहद्दीजवळचे अतिप्राचीन शहर. ग्रीक काळात त्याचे नाव एडेसा होते. 'शान्लि' म्हणजे कीर्तिमान ही पदवी शहराला १९८४ साली मिळाली. लोक आजही नुसते उर्फाच म्हणतात. बाजारात तुर्की, कुर्दी आणि अरबी या तिन्ही भाषा कानी पडतात. शहराच्या दक्षिणेला हर्रानचे विस्तीर्ण मैदान पसरले आहे. फुरात, म्हणजे युफ्रेटीस, नदीवरील अतातुर्क धरणाचे पाणी बोगद्यांतून या मैदानात १९९० च्या दशकात आले आणि कोरडवाहू शिवारात कापसाची शेते उभी राहिली.

येथील हवामान आपल्यापेक्षा उलट आहे. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा पूर्ण कोरडा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज चाळीस अंशांपुढे जातो आणि महिनोन्‌महिने आकाशात ढगाचा ठिपका दिसत नाही. हिवाळ्याच्या रात्री गोठविणाऱ्या असतात. म्हणजे मिरचीला मिळणारा काळ मर्यादित : वसंतात रोप लावायचे आणि शरदाच्या आत फळ घरात आणायचे. नेमक्या पिकण्याच्या दिवसांत मिळणारे हे कडक, कोरडे ऊन हेच इसोतचे भांडवल होय. ही मिरची दुसरीकडे उगवेल, लाल होईल. परंतु पावसाळी मुलखात तिचे ते काळे तिखट करणे कठीण.

रोपापासून फळापर्यंत

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. तुर्कीत वडीलधाऱ्या स्त्रीला 'तेयझे' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी मावशी. त्यांच्या दगडी अंगणात फरसबंदीच्या कडेने मिरचीची पंचवीस-तीस रोपे दरवर्षी असत. बी त्यांच्या आईच्या घरचे. २०१७ च्या फेब्रुवारीअखेर त्यांनी कागदाच्या पुडीत चिमूटभर बी मला दिले आणि म्हणाल्या, "लाव. पण शरद ऋतूत मला परत दे." बी मोजून घेऊन बी परत देणे ही तिथली रीत आहे असे मी समजले. त्या शब्दांचे वजन मला पुढे कळले.

मिरचीच्या बियांना उगवायला ऊब लागते. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमानात त्या आठ-दहा दिवसांत मान वर काढतात. गार खोलीत तीन आठवडे घेतात किंवा कुजतात. तेयझेंनी ओल्या फडक्यात बी गुंडाळून शेगडीच्या खोलीत ठेवायला सांगितले. कोंब दिसताच भुसभुशीत मातीच्या पेटीत पेरले. दोन पानांवर पातळ केले. सहा ते आठ पाने झाल्यावर, थंडीची भीती संपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, बाहेर लावले. त्याआधी आठवडाभर रोपे रोज थोडा वेळ उन्हावाऱ्यात ठेवून त्यांना काटक करावे लागते, नाहीतर पहिल्याच दुपारी ती माना टाकतात. दोन रोपांत अंदाजे हातभर अंतर आणि दोन ओळींत त्याहून थोडे अधिक, अशा बेताने मी चोवीस रोपे लावली. खाली जुने, पुरते कुजलेले शेणखत घातले. ताजे खत किंवा फार नत्र दिले तर झाड पानांनीच माजते आणि फळाला उशीर होतो.

जूनमध्ये उकाडा वाढला. दुपारी पाहावे तो सारी पाने लोंबकळलेली. माझा जीव कळवळला. मी भरदुपारी पाणी घालू लागले. सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा. पंधरा दिवसांत एक रोप कायमचे कोमेजले. त्याचे खोड जमिनीलगत काळपट पडले होते. मला वाटले पाणी कमी पडले, म्हणून बाकीच्यांना आणखी घातले! महिनाभरात चोवीसपैकी नऊ रोपे गेली.

तेयझेंनी मेलेले रोप उपटून मुळे दाखवली. साल बोटाला लागून निघून आली. हा मिरचीचा जगभरचा वैरी होय. फायटॉप्थोरा नावाच्या बुरशीसदृश जीवामुळे मूळ आणि खोडाचा तळ कुजतो. साचलेल्या पाण्यातून त्याची बीजे पोहत एका रोपापासून दुसऱ्याकडे जातात. म्हणजे मी झारीने रोगच वाटत होते. दुपारी पान लोंबणे ही पुष्कळदा तहान नसते. उन्हाच्या वेळी मुळे ओढतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते, म्हणून पान अंग चोरते. संध्याकाळी ते आपोआप सावरले तर काही करू नये. पहाटेही पान उतरलेले असेल तरच काळजी. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे; खाली ओल असेल तर झारी परत ठेवावी. तेयझे वरंब्यावर रोप लावीत आणि पाणी सरीतून देत. खोडाला पाणी लागू देत नसत. हे मी रोज कुंपणावरून पाहत होते, पण त्याचा अर्थ मला नऊ रोपे गमावल्यावर समजला.

उरलेल्या पंधरा झाडांनी मात्र निराश केले नाही. जुलैच्या ऐन उष्म्यात बरीच फुले गळाली. पस्तीस अंशांच्या वर परागकण निकामी होऊ लागतात, त्याला इलाज नाही. ऑगस्टच्या शेवटी हवा किंचित उतरली आणि झाडे पुन्हा फुलली, भरली. इसोतचे फळ खांद्याशी रुंद, अंगाला थोडे सुरकुतलेले आणि टोकाकडे निमुळते असते. हिरवेपणातून ते गडद लाल होते. ही लाली पुरती भरल्याशिवाय ते तोडायचे नाही.

माझी चूक

त्या शरदात मी सर्वांत मोठ्या चार मिरच्यांचे बी काढले, वाळवले आणि मोठ्या अभिमानाने तेयझेंना अर्धे नेऊन दिले. त्याच हिवाळ्यात त्यांचे जुने अंगणाचे घर मुलांनी विकले आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला गेल्या. अंगण संपले. आता त्यांच्या आईच्या मिरचीला जागा उरली ती माझी बाग आणि खेड्यातील त्यांच्या धाकट्या बहिणीचे परसू. मी दिलेल्या बियांतले अर्धे त्यांनी बहिणीकडे पाठविले.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या वाफ्यात निराळेच काही दिसू लागले. काही झाडांची फळे वीतभर लांब आणि सडपातळ; दोन झाडांची आखूड, फुगीर, भोपळी मिरचीसारखी; निम्म्याहून कमी झाडे मूळ वळणाची. मी चक्रावले. कारण अगदी साधे होते. आदल्या वर्षी त्याच बागेत, चार पावलांवर, मी भाजीसाठी लांब हिरव्या मिरचीची आणि भोपळी मिरचीची रोपे लावली होती. मिरचीचे फूल आपले आपण फळते, हे पुस्तकात वाचले होते. म्हणून मी निश्चिंत होते. पण फूल आपले आपण फळू शकते याचा अर्थ ते दुसऱ्याचा पराग नाकारते असा नाही. मधमाश्या आणि लहान किडे या झाडावरून त्या झाडावर जातात आणि संकर घडतो. हे प्रमाण कधी अगदी अल्प, तर कधी अर्ध्याहूनही पुष्कळ अधिक असते.

येथे आणखी एक मेख आहे. संकर झाला तरी त्या वर्षी फळ आईच्याच रूपाचे असते, कारण फळाची भिंत ही आईच्या झाडाचा भाग. संकर लपलेला असतो तो बियांत. तो दिसतो दुसऱ्या वर्षी, त्या बीचे झाड उभे राहून फळल्यावर. म्हणूनच मी निवडलेल्या चार देखण्या मिरच्यांनी मला फसविले. आणि चारच मिरच्या, त्याही केवळ आकार पाहून घेतल्या, ही दुसरी चूक.

बहिणीच्या परसातूनही तोच निरोप आला. तेयझेंपुढे जाण्याची मला लाज वाटली. त्यांच्या आईच्या घरची, न जाणो किती पिढ्यांची वस्तू मी एका हंगामात भेसळ करून ठेवली होती. त्या रागावल्या नाहीत. क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या अंगणात दुसरी मिरची कधी लावलीच नाही. तुला सांगायचे असते हे माझ्या लक्षात आले नाही."

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यांना परागीभवन हा शब्द ठाऊक नव्हता. पण एका अंगणात एकच मिरची हा नियम त्या पाळीत होत्या. तो त्यांना त्यांच्या आईनेही सांगितला नसावा. आईच्या अंगणात तसे होते, एवढेच. परंपरेतले पुष्कळसे ज्ञान असे सवयीत मुरलेले असते. ते कोणी बोलून दाखवीत नाही, आणि म्हणून घर बदलले, अंगण गेले की ते मागे राहते. आपण बी घेतो. त्याच्याबरोबरची सवय घ्यायची विसरतो.

बी कसे राखावे

सुदैवाने तेयझेंच्या सामानात २०१६ च्या हंगामाचे बी एका काचेच्या बरणीत निघाले. मिरचीचे बी कोरड्या, थंड जागी दोन ते चार वर्षे जीव धरून राहते. नंतर उगवण झपाट्याने घसरते. २०१९ च्या वसंतात ते आम्ही पेरले. निम्मेच उगवले. परंतु त्या वर्षी माझ्या बागेत दुसरी एकही मिरची नव्हती, आणि शेजारच्या बागांचा भरवसा नसल्यामुळे फुलांना पिशव्याही बांधल्या.

ही पिशवी बांधण्याची रीत सोपी असून कोणालाही घरी करता येईल. तुर्की लग्नात पाहुण्यांना साखरेत घोळलेले बदाम जाळीदार कापडाच्या लहान पुरचुंडीत देतात. तेयझेंकडे अशा पुरचुंड्या डबाभर साठल्या होत्या. त्याच आम्ही वापरल्या. कळ्या उमलण्यापूर्वी फांदीच्या शेंड्याला जाळी घालून सैल बांधायची. रोज सकाळी फांदी बोटाने हळूच टिचकावयाची, म्हणजे पराग आपल्याच फुलावर पडतो. फळ मटाराएवढे धरले की जाळी काढायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याचे फळ भाजीत जाऊ द्यायचे नाही.

निवडीविषयी तेयझेंचा कटाक्ष असा की आधी झाड पाहायचे, मग फळ. मोठे फळ एखाद्या दुबळ्या झाडालाही लागते. जे झाड निरोगी आहे, उन्हात टिकले आहे, ज्याची सगळी फळे एकसारखी आणि आपल्या वळणाची आहेत, ते बियांचे झाड. वेगळ्या वळणाचे झाड दिसले की ते फुलोऱ्यातच काढून टाकायचे. एकाच झाडाचे बी घेऊ नये. सहा, आठ, जमल्यास बारा झाडांचे मिळून घ्यावे, म्हणजे वाणाच्या अंगचे विविध गुण टिकतात. फळ पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू लागले की बी काढावे. ते गच्चीवरच्या उन्हात नव्हे, तर सावलीत पसरून वाळवावे. दुमडताच कडकन मोडणारे बी चांगले वाळले असे समजावे. पुडीवर वर्ष लिहावे, आणि बी नेहमी दोन घरी ठेवावे.

काळे तिखट

आता इसोतच्या त्या काळेपणाविषयी. ऑगस्ट-सप्टेंबरात उर्फातील गच्च्या लाल होतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पापड-कुरडया घालतात, तशी ही तिथली वर्षाची बेगमी. घरातल्या साऱ्या बाया, आणि शेजारणीही, पोत्यांनी मिरच्या घेऊन बसतात. मिरची धुवून, पुसून उभी चिरायची; देठ, मधला पांढरट गाभा आणि बिया काढायच्या. हात दोन दिवस आगीसारखे होतात.

येथे शास्त्राची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिखटपणा बियांत असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो चूक आहे. कॅप्सायसिन हे दाहक द्रव्य तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गाभ्यात. बियांना ते लागलेले असते इतकेच. गाभा काढल्यामुळे इसोतचे तिखट मवाळ होते. जिभेवर ते उशिरा चढते आणि हळूहळू उतरते. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पहिली प्रसिद्ध रीत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात, तिखट जाणवेनासे होईपर्यंत पातळ करीत जायचे, अशी ती होती. तेयझेंची रीत याहून सोपी होती : जिभेवर कण ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे. दहाच्या आत ठसका लागला तर ते इसोत नव्हे!

चिरलेल्या मिरच्या दिवसभर उन्हात पसरतात. त्या मऊ पडल्या, पण वाळल्या नाहीत, अशा अवस्थेत असताना संध्याकाळी, अंगात ऊन असतानाच, गोळा करून जाड कापडात वा प्लॅस्टिकखाली घट्ट झाकतात. याला 'तेर्लेत्मे', म्हणजे घाम आणणे, असे म्हणतात. आतली ओल बाहेर निघते पण उडून जात नाही. त्या उबेत आणि दमटपणात मिरचीतील साखर व इतर द्रव्ये हळूहळू बदलतात, आणि लाल रंग आधी तपकिरी, मग वांगी-काळा होतो. सकाळी पुन्हा पसरायचे, संध्याकाळी पुन्हा झाकायचे. असे काही दिवस चालते. घरोघर रीत थोडी निराळी असते. कोणी भरदुपारीही झाकून घाम काढतात. पुरते वाळल्यावर जाडसर कुटतात आणि मीठ व ऑलिव्हचे तेल लावून चोळतात. दहा किलो ताज्या मिरच्यांतून माझ्या हाती सव्वा किलोच्या आसपास तिखट आले. त्याला मनुकांचा गोडसर आणि किंचित धुरकट वास येतो, आणि गंमत अशी की धुराचा त्याला कधीच स्पर्श झालेला नसतो.

या कृतीत एक धोकाही आहे. ओल राहून गेली, झाकलेले वेळेवर उघडले नाही, तर बुरशी धरते. आणि अशा बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवूनही पुरते जात नाही. म्हणून खालचा वास आंबूस आला की तेयझे सगळा ढीग बेलाशक फेकून देत. उर्फाचे कोरडे ऊन हेच त्या रीतीचे संरक्षण. आपल्या दमट कोकणात किंवा भाद्रपदात कोणी तसे करू पाहील, तर ते करू नये हे बरे.

हे तिखट तिथल्या घरात सर्वत्र असते. लाह्माजून या पातळ रोटीवर, भाजलेल्या वांग्यावर, डाळीच्या सारावर ते घालतात. गव्हाच्या बुल्गुर भरड्यात इसोत घालून तासभर मळलेले 'ची क्योफ्ते' तर उर्फाचा अभिमान. मुळात ते कच्च्या मांसाचे. आज दुकानांत मिळते ते बहुधा मांसाविना केलेले असते.

गावठी म्हणजे काय?

२०१९ च्या शरदात आठ झाडांचे, दोरा बांधलेल्या फळांचे बी मी तेयझेंना परत केले. त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक स्वतःकडे ठेवला आणि एक बहिणीकडे पाठविला. त्यातले मी काही आणले नाही. परदेशी बियाणे परवाना आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय आपल्या देशात आणता येत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण बियाण्याबरोबर रोगही प्रवास करतात. मी आणले ते बरणीभर तिखट. तेही आता संपले.

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाची झळ उर्फालाही लागली. दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी तेयझेंचा आवाज ऐकला तेव्हा मला रडू आवरले नाही. घराला तडे गेले होते, पण माणसे सुखरूप होती. बोलणे संपता संपता त्यांनी आपण होऊन सांगितले, "बी बहिणीकडे आहे." बी नेहमी दोन घरी ठेवावे, या नियमाचे प्रयोजन मला त्या दिवशी नीट समजले.

तर मग, गावठी मिरची कोणती? मूळची येथली म्हणाल तर अशी मिरची ना उर्फात आहे, ना आपल्याकडे. उर्फाची इसोत काय आणि आपली भिवापुरी किंवा लवंगी काय, सगळ्या एकाच परदेशी पाहुणीच्या लेकी. त्या त्या मुलखात कोणीतरी दरवर्षी शंभर झाडांतून दहा निवडली, नव्वद सोडली. कोणाला उन्हात टिकणारी हवी होती, कोणाला गडद रंगाची, कोणाला जाळ काढणारी. अशी निवड चारशे वर्षे चालली आणि वाण घडला. गावठीपण हे मूळ स्थानात नसून या न चुकता केलेल्या निवडीत आहे. आणि ती निवड एका वर्षी चुकली तर काय होते, ते मी माझ्या हाताने करून पाहिले आहे.

आज बाजारात संकरित बियाण्याचे पाकीट सहज मिळते. त्याचे उत्पन्न अधिक असते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या फळांतले बी पुढच्या वर्षी तसेच्या तसे उतरत नाही. दरवर्षी नवे पाकीट आणावे लागते. मग निवडण्याची सवयच जाते, आणि सवय गेली की वाण जातो. वाण जाताना कोणाला कळतही नाही. एखादी बरणी फुटावी इतक्या सहज तो जातो.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे. सुटीत गावी गेल्यावर आजीला विचारा, परसातल्या मिरचीचे बी कोठून आले, आणि ते ती कोणत्या झाडाचे धरते. जे सांगेल ते लिहून घ्या. जे सांगणार नाही, कारण तिला ते सांगण्यासारखे वाटणार नाही, ते नीट पाहून ठेवा. आणि एखाद्या निरोगी झाडाच्या फळाला दोरा बांधून या.